किल्ली कोणाच्या खिशात?

(दृश्य: टेबलावर लॅपटॉप, शेजारी पेनड्राइव्ह.)

हा लॅपटॉप अजून चांगला चालतो. बॅटरी थकलीय, एका कोपऱ्याचा रंग उडालाय, बाकी तक्रार नाही. पण त्याचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून पेनड्राइव्हवर आर्च लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, घेतलं, पेनड्राइव्ह लावला आणि पॉवरचं बटण दाबलं.

(दृश्य: पडद्यावर लाल चौकट.)

‘इनव्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड.’ म्हणजे सही ओळखीची नाही.

पेनड्राइव्ह खराब नाही, लॅपटॉपही बिघडलेला नाही. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम. सवयीने आपण त्याला अजून बायोसच म्हणतो. त्यातली सिक्युअर बूट ही सोय चालू असेल, तर पुढचा प्रोग्राम सुरू करण्याआधी फर्मवेअर त्याची डिजिटल सही तपासतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये मान्य किल्ल्यांची (सही खरी की नाही, हे ज्यांवरून कळतं त्या डिजिटल किल्ल्यांची) एक यादी असते आणि बाद ठरवलेल्यांची दुसरी. सही पहिल्या यादीशी जुळली नाही, की दार बंद.

दाराला कुलूप हवंच. विंडोज उठायच्या आधीच मशीनमध्ये ठाण मांडणारं मालवेअर खरोखर असतं. ब्लॅकलोटस नावाचं मालवेअर तर एका जुन्या त्रुटीचा फायदा घेऊन सिक्युअर बूटलाही चकवत होतं. माझं म्हणणं किल्लीबद्दल आहे. घर माझं, कुलूप माझ्या दाराला, मग किल्ली कोणाकडे?

(दृश्य: २०११.)

विंडोज ८चा शिक्का हवा असेल, तर नव्या पीसीवर सिक्युअर बूट चालू असलंच पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी त्या सप्टेंबरमध्येच धोका दाखवून दिला: यादीत फक्त कंपन्यांच्या किल्ल्या असतील, तर त्या मशीनवर लिनक्स उठणारच नाही. बरीच ओरड झाली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सह्यांची मोहीम काढली. पुढे जे नियम आले, त्यांत इंटेल-एएमडीच्या पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे आणि स्वतःची किल्लीही घालता आली पाहिजे, असं लिहिलेलं होतं. एआरएम या वेगळ्या जातीच्या चिपवरच्या विंडोज यंत्रांना मात्र ही मुभा नव्हती. आणि २०१५मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा बंद करायची सोय द्यायची की नाही, हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलं गेलं.

पण ‘बंद करा आणि मग लिनक्स टाका’ हे नवख्या माणसाला सांगणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. म्हणून गॅरेट यांनी २०१२मध्ये ‘शिम’ तयार केलं. शिम म्हणजे पाचर. सुतार फटीत ठोकतो ना, तशीच. हा छोटासा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यायचा. फर्मवेअर त्याला आत सोडतं आणि पुढचं लिनक्स तपासण्याचं काम तो करतो. त्यासाठी ९९ डॉलर भरावे लागले, तेही व्हेरिसाइन या डिजिटल प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीकडे. जानेवारी २०१३मध्ये फेडोरा १८ हे लिनक्स ही पाचर घेऊन आलं. आज उबंटू हे लिनक्स टाकताना सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही, ते या शिममुळेच.

(दृश्य: निळा पडदा, उलटी मोजणी.)

शिममध्ये मालकाचीही सोय आहे. आपली किल्ली नोंदवायला दिली, की पुढच्या बूटला हा निळा पडदा येतो. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबायचं, मघाशी ठरवलेला पासवर्ड टाकायचा. चहाचा कप उचलायला गेलात, तर संधी हुकली. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तरी वरची सही मायक्रोसॉफ्टचीच. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांच्या एका अपडेटने जुन्या शिमना बाद ठरवलं. विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स दुसऱ्या दिवशी उठेना. पडद्यावर एवढंच: ‘समथिंग हॅज गॉन सिरियसली राँग.’ कारण सुरक्षेचं होतं, ते मला मान्य आहे. पण आपल्या मशीनचा निर्णय आपण झोपेत असताना दुसरीकडे झाला, हे मला मान्य नाही.

(दृश्य: पुन्हा तोच लॅपटॉप.)

आर्चच्या पेनड्राइव्हवर ही पाचर नव्हती, म्हणून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून ते टाकलं. आता फर्मवेअरमधल्या जुन्या किल्ल्या पुसून ‘सेटअप मोड’मध्ये, म्हणजे नव्या किल्ल्या घालता येतील अशा स्थितीत, आलोय. एसबीसीटीएल या टूलने माझी स्वतःची किल्ली घडवली, कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, तिची सही केली. उरली ती फर्मवेअरमध्ये नोंदवणं.

इथे हात थांबतो. काही मशीनांत ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या फर्मवेअरवरही मायक्रोसॉफ्टच्याच किल्लीची सही असते. ती किल्ली यादीतून गेली, तर पडदा काळाच राहू शकतो, आणि मग दुरुस्त करायलाही काही दिसत नाही. म्हणून कमांडला ‘एम’ हे एक अक्षर जोडतो: मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्याही राहू दे.

एंटर. माझी किल्ली त्यांच्या शेजारी जुडग्यात गेली. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं. लॅपटॉप बंद होऊन उठतो.

लाल चौकट नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन’, आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.