हाडांवाचून ताठ

मेलेला कोळी पाहा. त्याचे आठही पाय पोटाखाली आवळलेले असतात. त्याच्या प्रत्येक पायातल्या दोन मोठ्या सांध्यांना दुमडणारे स्नायू आहेत, उलगडणारे नाहीत. पाय उलगडतो तो शरीरातून पायात ढकललेल्या द्रवाच्या दाबाने. दाब गेला, की ओढ एकाच बाजूची उरते.

अशी आतल्या पाण्याच्या दाबावर उभी असलेली शरीरे आज बघायची आहेत.

गांडुळाच्या कातडीखाली स्नायूंचे दोन थर असतात. बाहेरचा वलयाकार, आतला लांबीच्या दिशेचा. मधल्या पोकळीत द्रव, आणि द्रव दाबून लहान होत नाही. वलयाकार थर आवळला की खंड बारीक होऊन लांबतो. लांबीचा थर आवळला की आखूड होऊन फुगतो. फुगलेला भाग दृढरोमांनी, म्हणजे कातडीवरच्या ताठ बारीक केसांनी, माती धरतो. खंडांमध्ये आडवे पडदे असल्यामुळे दाब जिथल्या तिथे राहतो, म्हणून एक भाग लांबत असताना दुसरा आखडू शकतो. गांडूळ ओल्या काचेवर ठेवा: लाटा तशाच जातात, पण पकड नसल्याने ते जागच्या जागी घसरते. कागदावर ठेवून कान जवळ न्या, रोमांची खरखर ऐकू येते. दोन-तीन मिनिटांत परत ओल्या मातीत सोडा. ते कातडीतून श्वास घेते आणि कातडी सुकली तर गुदमरते.

गोलकृमीत, म्हणजे जंतासारख्या कृमीत, वलयाकार थर नाहीच. त्याला लांबता येत नाही, नुसते वळवळता येते. एका थराचा फरक केवढा पडतो पाहा!

वनस्पतीत स्नायू नाहीत, तरी हालचाल आहे. पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या, दोन्ही कडांच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरते, मागोमाग पाणी. पेशीभित्तिकेतले तंतू आडवे गुंडाळलेले असल्याने पेशीला जाड होता येत नाही; ती लांबते, धनुष्यासारखी वाकते आणि मधली फट उघडते.

हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसते. रिओ या शोभेच्या झाडाचे जांभळ्या पोटाचे पान तिरके फाडा, खालची अपित्वचा पापुद्र्यासारखी सुटते. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पापुद्रा पसरा आणि कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) एका कडेने टेकवून हळू सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. त्यांच्या जाड काळ्या कडांना हमखास रंध्रे समजले जाते. हिरवा गर चिकटून आला असेल तर तुकडा टाकून द्या, त्यातून काहीच नीट दिसत नाही. मग 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढा. काही मिनिटांत जांभळा रस भित्तिकेपासून सुटून आत आकसतो, रक्षक पेशीही ढिल्या पडतात. लगेच साधे पाणी ओढून घेतले तर रस पुन्हा पसरतो. मीठ फार वेळ राहिले तर पेशीपटल मरते, जांभळा रंग बाहेर झिरपतो, आणि मग कितीही पाणी घातले तरी ती पेशी फुगत नाही.