पैसे अडकले त्या दिवशी

नमस्कार मंडळी. पैसे द्यायचं एखादं ॲप माणूस का धरून ठेवतो आणि दुसऱ्याला का सांगतो, त्याची ही माझी गोष्ट. मागच्या महिन्यात बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेतली, 240 रुपये झाले, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि ते चक्र जे फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. माझ्या खात्यातनं पैसे कटल्याचा मेसेज आला, मावशींचा स्पीकर मात्र गप्प. "आमच्याकडं काय आलं नाही बघा," मावशी म्हणाल्या. मागं चार गिऱ्हाईकं उभी आणि मी फोन वर धरून चोरासारखा दाखवतोय! शेवटी रोख दिले.

आधी माझ्याकडं एका बँकेचं ॲप होतं, ते अशा वेळी इंग्रजीत एक ओळ टाकून मोकळं व्हायचं, ते मी काढूनच टाकलं. आता वापरतो त्या ह्या ॲपनं मात्र पेमेंट अडकलंय, पैसे कधीपर्यंत परत येतील ते मराठीत सांगितलं, तक्रारीचं बटण तिथंच खाली. तिसऱ्या दिवशी पैसे जमा. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियमच आहे, दुकानात यूपीआयनं केलेलं पेमेंट असं अडकलं तर 5 दिवसांत आपोआप परत यायला पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. पण नियम सगळ्यांना सारखाच की, मला ॲप धरून ठेवायला लावलं ते त्या दोन ओळींनी. कॅशबॅकचं काय, मिळाला की माणूस विसरतो.

आणि दुसऱ्याला सांगायचं म्हणजे तर जोखीमच. खानापूरच्या आत्यानं विचारलं, कुठलं ॲप घालू? आत्या बाजारात कन्नड फाडफाड बोलते, पण वाचता येतं फक्त मराठी, म्हणजे ॲपमध्ये मराठी नसेल तर रात्री अकराला फोन मलाच येणार. म्हणून हेच घालून दिलं. पहिल्यांदा तिनं मला 1 रुपया पाठवला, आणि मी समोर बसलेला असताना विचारते, "पोचला काय रे?"

परवा बघतो तर भिशीच्या बायकांना तीच शिकवत होती, "पैसे यायला पिन लागत नाही गं, कुणी मागितला तर फोन ठेवायचा, आणि गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला लावायचा." मी दारातच उभा, मला कुणी आत या पण म्हणालं नाही.