सुट्टे आहेत का?

(दृश्य: एसटीचं तिकीट, मागची बाजू)

एसटीने फिरलेल्यांना तिकिटाची ही बाजू आठवत असेल. कंडक्टर इथे पेनाने बाकी लिहायचा, पाच रुपये, आठ रुपये. मग उतरेपर्यंत आपलं लक्ष खिडकीबाहेर कमी, त्याच्या चामडी बॅगेवर जास्त. किराणा दुकानात सुट्ट्यांऐवजी चॉकलेटची गोळी हातावर पडायची. नको म्हणायची सोय नव्हती.

भारत मोबाइलने पैसे द्यायला का लागला, ही गोष्ट बहुतेक जण नोटाबंदीपासून सांगतात. आम्ही सुट्ट्यांपासून सांगतोय.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री ५०० आणि १०००च्या नोटा बाद झाल्या. मूल्याच्या हिशेबाने चलनातला सुमारे ८६ टक्के भाग. तीन आठवड्यांनी, १ डिसेंबरला, मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानांत कार्ड स्वाइप करायची यंत्रं आली, मागोमाग कॅमेरे आले. नोटा परतल्या, तसा व्यवहारही बराचसा रोखीवर परतला. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी कार्ड कोण काढणार?

बी मात्र आधीच पेरलेलं होतं. ११ एप्रिल २०१६, मुंबई. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झालं. बनवलं होतं एनपीसीआयने, म्हणजे बँकांमधली पैशांची देवाणघेवाण जुळवणाऱ्या संस्थेने.

(दृश्य: भजीची गाडी, लॅमिनेट केलेला क्यूआर कोड)

या चौकोनात पैसे नसतात, नुसता पत्ता असतो. तुमच्या बँकेतून पैसे निघतात, गाडीवाल्याच्या बँकेत पोचतात, मधली जुळवाजुळव एनपीसीआय करते. अ‍ॅप हा निरोप्या. म्हणून तर एका कंपनीच्या स्टिकरवर दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅप चालतं. कार्डाला यंत्र लागायचं, इथे कागद पुरतो. शिवाय २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं नि डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०२०पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क नाही.

पण आमच्या मते बाजी मारली ती पैसे जमा होताच रक्कम बोलून दाखवणाऱ्या डबीने, साउंडबॉक्सने. हात बेसनात बरबटलेले, समोर पाच गिऱ्हाइकं, फोन बघणार कधी? आणि जुना स्क्रीनशॉट दाखवून सटकणारेही असतातच. डबीतून मराठीत आकडा ऐकू आला की पुडी पुढे सरकते. गिऱ्हाईकही थांबून विचारतं, ‘आला का आवाज?’

नोव्हेंबर २०१६मध्ये यूपीआयवर महिन्याभरात तीन लाख व्यवहारही झाले नव्हते. ऑगस्ट २०२५मध्ये २००० कोटींहून जास्त झाले.

मग नोटा घटल्या असतील? छे. नोटाबंदीच्या वेळी चलन सतरा-अठरा लाख कोटी रुपयांचं होतं. मार्च २०२५मध्ये नुसत्या नोटाच ३६ लाख कोटींच्या पुढे होत्या. गल्ल्यातली चिल्लर आटली, कपाटातली नोट जागची हलली नाही.

(दृश्य: बेंगळुरू, बेकरीचा दर्शनी भाग)

जुलै २०२५. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून इथल्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. रोखीचा गल्ला कुणी मोजत नव्हतं. डबीने मोठ्याने सांगितलेला प्रत्येक रुपया मात्र कुठेतरी लिहिला गेला होता. काही दुकानांतून स्टिकर उतरले, जागी हाताने लिहिलेले कागद लागले: यूपीआय नाही, फक्त रोख.

आणि गिऱ्हाईक पुन्हा खिसे चाचपू लागलं.