मूळ उपाशी असेल तरच

[चिरेखाण, उभा काप]

ही रत्नागिरीकडची चिरेखाण, आणि चिरे काढून जी उभी भिंत राहिलीय ना ती वरून खाली नीट बघा, वर गवताची मुळं धरून बसलेला लाल मातीचा थर, कुठे वीतभर तर कुठे तेवढाही नाही, आणि त्याखाली सगळा जांभा. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही वर्षानुवर्षं, त्यात कॅल्शियम वाहून गेलं, मॅग्नेशियम गेलं, मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. फॉस्फरस मातीत नाही असं नाही, पण हे दोघं त्याला इतकं घट्ट धरतात की पाण्यात उतरतो तो चिमूटभर. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला फॉस्फरस संपवतं आणि मग ताटकळत बसतं, कारण तो मातीत फारसा सरकतच नाही.

[काजूचं रोप, मुळं धुताना]

हे काजूचं रोप. अशा वेळी मुळाच्या मदतीला येते आत राहणारी एक बुरशी, पण पिशवी फाडून मुळं धुतली तरी ती नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून ही बारीक मुळं कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवायची, ती पारदर्शक झाली की ट्रायपॅन ब्लूने रंगवायची आणि काचपट्टीवर ठेवायची.

[मायक्रोस्कोपमधून]

आणि आता बघा. निळे धागे पेशींच्या मधून चाललेत, ही बुरशी. उजवीकडच्या या पेशीत धागा आत शिरलाय आणि त्याला फांद्यांवर फांद्या फुटल्यात, अख्खी पेशी भरून, पानं झडलेल्या पांगाऱ्यासारख्या. देवघेव होते ती इथे. मुळाला जिथे पोचता येत नाही तिथे हे धागे बाहेर मातीत काही सेंटिमीटर लांब जातात, फॉस्फरस आणतात, सोबत थोडं झिंक आणि तांबंही, आणि बदल्यात झाड साखर देतं, चरबी देतं. चरबीचं तर २०१७ मध्ये पक्कं कळलं, ही बुरशी स्वतःची चरबी बनवूच शकत नाही! या फांद्या टिकतात जेमतेम काही दिवस, मग जिरतात आणि दुसऱ्या पेशीत नव्या फुटतात.

मूळ आणि बुरशीच्या या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं जर्मनीच्या आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी, १८८५ मध्ये. त्यांना काम दिलं होतं ट्रफल नावाच्या महागड्या आळंब्यांची लागवड करता येईल का ते बघायचं, आणि झाडांची मुळं तपासताना हे हाती लागलं. त्यांनी पाहिली ती मुळाला बाहेरून गुंडाळणारी, आपल्या काजू-आंब्यातली आत शिरणारी, आणि ही आत शिरणारी जात फार जुनी, स्कॉटलंडमध्ये चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत तिच्या खुणा मिळाल्यात, तेव्हा झाडांना धड मुळंही नव्हती.

पण बुरशीला बोलावतं झाड. फॉस्फरस कमी पडला की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन मातीत सोडतात आणि ते लागलं की बुरशीच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. झाडाचं पोट भरलेलं असलं की ते रसायन आटतं आणि बुरशीला आत घेणंही थांबतं.

[कलमाच्या आळ्यात खत टाकताना]

हा शॉट मुद्दाम लांब ठेवलाय. आळ्यात डीएपी, ओंजळीवर ओंजळ, आणि डीएपीच्या शंभर किलोत ४६ किलो फॉस्फेट असतं. माती न तपासता दरवर्षी असंच टाकत राहिलं तर मुळाला बुरशीची गरजच उरत नाही. मग झिंक कमी पडायला लागतं, आणि मायकोरायझाची विकतची पुडी त्याच आळ्यात ओतून फारसा उपयोग होत नाही.

युरियाचं गणित थोडं वेगळं. फॉस्फरस तुटपुंजा असेल तिथे नायट्रोजन मिळाला की झाड वाढीला लागतं, त्याला फॉस्फरस आणखी हवा होतो, बुरशीचा भाव वाढतो, पण फॉस्फरस भरपूर असेल तिथे त्याच युरियाने ती अजून मागे पडते.

[वरकस, नाचणी, खाली भाताची खाचरं]

उतारावरच्या नाचणीच्या मुळांत बुरशी छान धरते. खाली खाचरात पाणी तुंबलेलं, हवा नाही, तिथे कमी.

[परसातला वाफा]

आणि हा मुळ्याचा वाफा. मुळा मोहरीच्या कुळातला, तो बुरशीला थाराच देत नाही, माठाचंही जवळपास तसंच, म्हणजे या वाफ्यात हंगामभर बुरशीला खायला कोणी घालत नाही. म्हणून मधे ही चवळीची ओळ, चवळीच्या मुळात ती सुखाने राहते. फक्त चवळी काढताना उपटू नका, जमिनीलगत कापा, धागे मातीत शाबूत राहतात आणि पुढच्या पिकाच्या मुळांना लगेच लागतात.