नको होती तीच नाव

(पडदा काळा. फक्त आवाज. ठक. ठक. ठक.)

हा वाकस, लाकूड तासायचं हत्यार. सुताराच्या दोन पावलांमध्ये ओंडका आणि पात्याचं तोंड थेट त्याच्याच नडगीकडे. दर घावाला बोटभर रुंदीची ढलपी उडते. त्याची नजर पात्यावर नसते, दोन घाव पुढच्या लाकडावर असते.

रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी मासेमारीची नाव बांधली जातेय. फळ्या चिरायला विजेची करवत आली, भोकं पाडायला ड्रिल आलं. पण फासळीचा बाक अजून वाकसानंच उतरतो.

साठ वर्षांपूर्वी मुंबईत कुलाब्याला याच अवजारानं एक नाव तासली जात होती. लांबी 32 फूट. ती मासेमारीची नव्हती. तिच्यात माणसं राहणार होती, महिनोन् महिने.

(छायाचित्र: अर्धवट उभा सांगाडा.)

1963 साल. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचे काही तरुण अधिकारी. मुंबई ते इराणचं आखात आणि परत, हा त्यांचा रस्ता. त्यांच्यातला एक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, वय 24. बेत साधा होता. मुंबईत एक शिडाची नाव बांधून घ्यायची, तिच्यातच राहायचं आणि तिच्यातूनच इंग्लंडला घरी जायचं.

नाव कुठली, तर मासिकात जाहिरात पाहिली होती ती. आराखडे मागवले. पाकीट आलं, उघडलं, आणि आत भलतीच नाव.

(रेखाचित्र हळूहळू पडद्यावर उमटतं.)

हीच ती. हिचं नाव एरिक. अमेरिकेच्या विल्यम ॲटकिननं 1920च्या दशकात काढलेली. ॲटकिननंही ती कोऱ्या कागदावर काढली नव्हती. नॉर्वेच्या कॉलिन आर्चरची 47 फुटी बचावनौका होती, वादळात मच्छीमारांना आणायला जाणारी, तिला त्यानं 32 फुटांत बसवलं. म्हणजे त्या पोरांनी मागवली होती नव्या जमान्याची नाव आणि हाती आली आजोबांची.

पण लाकूड आणि सुतार ठरलेले होते. पुन्हा पत्र पाठवायचं, पुन्हा वाट पाहायची, एवढा धीर कुणाला होता? हीच बांधू, म्हणाले.

आता या चित्राकडे नीट पाहा. पुढून निमुळती, तशी मागूनही निमुळती. मागून आलेली लाट सपाट पाठीवर आदळते. इथे ती दोन बाजूंना फाटते. खाली कणा पुढून मागेपर्यंत सलग, त्यामुळे सुकाणू घटकाभर सोडलं तरी नाव चटकन तोंड फिरवत नाही. पोट भरदार. भरदार पोटाची नाव हळू चालते, शर्यतीवाले तिला हसतात. पण हलक्या नावेत वर्षाचं धान्य, पाणी, दोर, शिडं, हत्यारं भरली की ती बसते आणि तिचा सगळा वेग त्याच ओझ्याखाली जातो. जड नावेला एवढ्या ओझ्याचं काही वाटत नाही.

आज जी माणसं घर विकून शिडाच्या नावेवर राहायला निघतात, त्यांच्यासाठी एक सांगावंसं वाटतं. विकणारा तुम्हाला खाटा किती आणि शेगडी कुठे ते दाखवतो. विचारायचं असतं ते हे: सुकाणू सोडलं तर ही काय करते?

(सागाचा ओंडका. हात फिरतो. कॅमेरा रेषांवर.)

साग. हा उन्हात, पावसात, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं उभा राहतो, कारण याच्या अंगातच तेल आहे. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळा कुजतो, मग खिळ्याभोवतीचं लाकूड. सागात लोखंड बरंच टिकतं. ब्रिटिश आरमारानं मुंबईत जहाजं बांधून घेतली ती काही हौसेनं नाही. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढच्या पिढ्यांनी इथल्या गोदीत युद्धनौकांमागून युद्धनौका पाण्यात सोडल्या. त्यातली 1817 ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. मुंबईचा साग, मुंबईचे हात.

कुलाबा वर्कशॉपात 1963 मध्ये जे हात कामाला लागले, ते याच घराण्यातले म्हणायला हरकत नाही. वंशाने नव्हे, हत्याराने. तासायला वाकस. भोक पाडायला सामता: एका हातानं दांडा दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं दोरीची कमान पुढे-मागे ओढायची. इंचभर जाडीच्या सागात एक भोक. मग दुसरं. फळी फासळीला जिथे जिथे बसते, तिथे तिथे एकेक.

(इथे निवेदन नाही. सामत्याचा आवाज. दहा सेकंद.)

दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस जातो. पिळून दोरीसारखा केलेला. पातळ लोखंडी पाचर आणि वर लाकडी हातोडा. जोरात ठोकला तर कापूस आरपार निघतो, हळू ठोकला तर सैल राहतो. रायगडच्या या काकांच्या कानाकडे पाहा. मान कलती आहे. फट भरली की हातोड्याचा आवाज बदलतो, तोच ते ऐकतायत. हे कागदावर कुठे लिहून ठेवतात, विचारलं तर हसले.

काम रखडलं. पैसे संपत आले. भागीदार गळले, त्यांचे हिस्से रॉबिननं उधार-उसनवार करून घेतले. डिसेंबर 1964 मध्ये नाव पाण्यात गेली. इंग्रजी रिवाजाची बाटली नाही, तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडला.

नाव ठेवलं ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. सुहैल म्हणजे दक्षिणेचा तो ठळक तारा, आपला अगस्ती.

(नकाशा. रेषा सरकते.)

डिसेंबर 1965. रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र मुंबईहून निघाले. मस्कत, पूर्व आफ्रिकेचा किनारा, दरबान. तिथे पैसे कमवायला थांबले. पुढे केप टाउनहून न थांबता 74 दिवसांत लंडन. नावेनं त्यांना घरी पोचवलं.

आणि घरी पोचल्यावर रॉबिननं ती विकायला काढली.

त्याच्या डोक्यात आता एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा होती. तोवर ती कुणीच केली नव्हती. त्यासाठी त्याला हवी होती 53 फुटांची पोलादी नाव. आराखडाही तयार होता. पाच हजार पौंड काही उभे राहिले नाहीत. उरली सुहैली. दुसऱ्यांदा तीच, आणि दुसऱ्यांदाही दुसरं काही मिळालं नाही म्हणून.

(लंडनची गोदी, कृष्णधवल.)

मग सुरू झाली तिची डागडुजी, आणि या गोष्टीतला आमचा आवडता भाग हाच. मोठ्या बजेटची नाव असती तर यातलं बरंचसं विकत आणलं असतं.

पहिला प्रश्न: एकटा माणूस झोपणार कधी? वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू लागतं. वाऱ्याची दिशा धरून वळणारं उभं पातं आणि त्याला जोडलेलं पाण्यातलं छोटं सुकाणू. नेहमी ते नावेच्या अगदी मागे, मधोमध बसवतात. सुहैलीला दोन डोलकाठ्या, आणि मागच्या शिडाचा दांडा नावेच्या बाहेरपर्यंत जातो. पातं तिथे बसवलं तर पहिल्याच वळणाला तो दांडा ते उडवणार. रॉबिननं दोन पाती केली, एक डावीकडे, एक उजवीकडे, नळ्यांचा सांगाडा उभारून नावेच्या अंगाबाहेर. बंदरात दुसऱ्या नावेशेजारी लागताना हा सांगाडा आडवा येई. कुरूप प्रकरण होतं. त्यानं त्याला नाव दिलं ‘ॲडमिरल’.

दुसरा प्रश्न: अन्न. दीड हजारांच्या वर डबे. कागदी लेबलं ओलाव्यानं सुटतात, नावेच्या तळात लगदा होतो आणि तो लगदा पंपात अडकतो. म्हणून प्रत्येक डब्याचं लेबल काढायचं, त्यावर खुणेचा आकडा रंगवायचा, वरून वॉर्निश. डबा गंजू नये आणि आत वाटाणे आहेत की मांस तेही कळावं. दीड हजार वेळा. 32 फुटांच्या त्या घरात मग माणसाला जागा किती उरली असेल, हे चित्रच दाखवील.

एव्हाना लंडनच्या ‘संडे टाइम्स’ वर्तमानपत्रानं अशाच प्रदक्षिणेची शर्यत लावली होती. 14 जून 1968. इंग्लंडचं फाल्मथ बंदर.

केप व्हर्ड बेटांपाशीच पाणी आत यायला लागलं. मुख्य डोलकाठीच्या खाली, कण्यालगतची फट दोन्ही बाजूंना उघडझाप करत होती. सुतारकामाचा दोष म्हणायचा तर म्हणा. डोलकाठीचा आणि तिच्या ताणदोरांचा सगळा भार जिथे उतरतो तीच ही जागा, आणि नाव तोवर अर्धं जग फिरली होती.

रॉबिन पाण्यात उतरला. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद शर्ट आणि जीन्स घालून. एका दमात जेवढं जमेल तेवढं. कापूस फटीत ठोकायचा, श्वासासाठी वर यायचं, आणि परत खाली जावं तर कापूस सुटून आलेला. शेवटी त्यानं कापूस कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवला, पट्टी डांबरानं माखली आणि तांब्याच्या टाचण्यांनी फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. मधे शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. कुलाब्यात एका माणसानं जमिनीवर उभं राहून, कान देऊन केलेलं काम, ते त्यानं पाण्याखाली, दम कोंडून केलं.

आफ्रिकेच्या दक्षिणेला नाव आडवी झाली, केबिनच्या कडांना भेगा पडल्या. बोल्ट घालून ती आवळली. पिण्याचं पाणी नासलं. रेडिओ गेला. ऑस्ट्रेलियाजवळ ॲडमिरल कायमचा मोडला. पुढे पॅसिफिक आणि केप हॉर्न यंत्राशिवाय. शिडं अशी तोलायची की नाव आपली आपण चालेल. सलग कणा, निमुळती पाठ. ती चालली.

(22 एप्रिल 1969. फाल्मथ. गर्दी, होड्या, भोंगे.)

312 दिवस. निघालेल्या नऊ जणांपैकी पोचला हा एकटाच. कस्टमच्या माणसांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? फाल्मथहून. शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टचा समुद्रातच अंत झाला. रॉबिननं बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला दिले.

(संग्रहालयाचं दालन. नंतर मांडवी.)

1997 मध्ये सुहैली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात गेली. कोरडी, ऊबदार हवा. साग सुकायला लागला, फळ्या आक्रसल्या, फटी रुंदावल्या. 2002 मध्ये रॉबिननं तिला तिथून काढली, पुढे हळूहळू दुरुस्त केली आणि 2016 मध्ये परत पाण्यात सोडली. मधल्या काळात आपल्या दिलीप दोंदेंनी इंग्लंडला जाऊन याच माणसाच्या हाताखाली धडे घेतले आणि 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. ती गोष्ट वेगळ्या व्हिडिओची आहे.

(रायगडची खाडी. भरती.)

इकडे आपली नाव तयार. हळद-कुंकू, फुलांची माळ, नाळेवर नारळ. दोर सुटले, लाकडी ओंडक्यांवरून ती घसरली, आणि तरंगली.

नव्या लाकडी नावेत पहिल्या दिवशी पाणी शिरतंच. फळ्या अजून कोरड्या असतात. त्या पाणी पितात, फुगतात, मग कापूस आवळला जातो. काका खाली वाकून बोटानं फट चाचपतायत. बोट ओलं. त्यांनी ते लुंगीला पुसलं.

आज रात्री दोघं जण नावेवरच झोपतील. पाणी उपसायचा डबा उशाशी ठेवलाय.