पंधरा ईमेल आणि एक विश्वचषक

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या सचिवांचा फोन आला. म्हणाले, "ताई, मुलींच्या संघाला कोच हवाय. जुन्या सरांनाच परत बोलवावं असं चाललंय. तुम्ही काय म्हणता?" मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. दोनाचे आठ झाले, तरी मला उत्तर देता आलं नव्हतं.

आमचं कोल्हापूर फुटबॉलवेडं गाव. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की घरातल्या सुनेपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना कुणाचा कोच कसा आहे यावर मत असतं. पण ती मतं मुलांच्या फुटबॉलची. मुलींच्या संघाचा कोच कसा आहे, हे विचारायला फारसं कुणी येत नाही. त्या सरांच्या हाताखाली आमच्या मुलींनी दोनदा करंडक आणला. आणि त्यांच्याच हाताखाली असताना सात मुलींनी सह्या करून एक कागद माझ्या हातात दिला. मी तेव्हा संघाची मॅनेजर होते. वहीचं रेघांचं पान, चार घड्या घातलेलं. त्या कागदाकडे मी परत येणार आहे. त्याआधी तुम्हाला स्पेनला नेते, कारण जिंकून देणाऱ्या, पण मुलींनी तक्रार केलेल्या कोचच्या हाती संघ द्यावा का, हाच प्रश्न तिथे साऱ्या जगासमोर उभा राहिला, आणि त्याचा अभ्यास करता करताच मला माझं उत्तर सापडलं.

होर्हे विल्डा हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. 2015 ते 2023 अशी आठ वर्षं ते स्पेनच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांना हे पद मिळालं तेही एका बंडानंतर. त्यांच्या आधीचे इग्नासियो केरेदा तब्बल 27 वर्षं त्या खुर्चीत होते. 2015 च्या कॅनडातल्या विश्वचषकात स्पेन साखळीतच गारद झाला आणि संघातल्या सगळ्या मुलींनी मिळून केरेदांना हटवा अशी जाहीर मागणी केली. म्हणजे विल्डांच्या हाती जो संघ आला, त्याने बोलायची किंमत एकदा मोजलेली होती. नव्या माणसाने सर्वांत आधी ओळखायला हवं होतं ते हेच.

सप्टेंबर 2022 मध्ये 15 खेळाडूंनी स्पेनच्या फुटबॉल महासंघाला ईमेल पाठवले. प्रत्येकीने आपापला वेगळा, पण मजकूर एकच. राष्ट्रीय संघातल्या परिस्थितीचा आपल्या मनावर आणि तब्येतीवर परिणाम होतोय, ती बदलत नाही तोवर आम्हाला संघात घेऊ नका. त्यात ऐताना बोनमाती होती, मापी लेऑन होती, पात्री गिहारो होती. कुणी ऐऱ्यागैऱ्या नव्हेत, युरोपातल्या अव्वल क्लबांमधून खेळणाऱ्या मुली. महासंघाने ईमेलची गोष्ट स्वतःच जाहीर केली आणि वर बजावलं की चूक कबूल करून माफी मागितल्याशिवाय यांना परत घेणार नाही. मुलींनी लगेच खुलासा केला की कोचला काढा असं आम्ही म्हटलेलंच नाही. तो खुलासा फारसा कुणी ऐकला नाही. "कोचविरुद्ध बंड" हा मथळा तोवर पक्का झाला होता.

तक्रारी काय होत्या? सरावाचा दर्जा, सामन्यांची तयारी, प्रवासाची व्यवस्था, आणि वागणूक. तेव्हाच्या बातम्यांत एक गोष्ट आली होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही. शिबिरात रात्री खेळाडूंना हॉटेलच्या खोलीचं दार उघडं ठेवावं लागे, सगळ्या आत आहेत ना ते तपासून होईपर्यंत. तुम्ही पंचविशीच्या बाई आहात, देशासाठी खेळता, आणि रात्री तुमच्या खोलीचं दार तुम्हाला लावता येत नाही. कुणी म्हणेल, शिस्त आहे. मीही आमच्या मुलींच्या बाबतीत अशा कितीतरी गोष्टींना शिस्तच म्हणत आले. पण पुरुषांच्या राष्ट्रीय संघात ही शिस्त कुणी लावली असती का, एवढं एकदा स्वतःला विचारून बघा.

आता दुसरी बाजू. ती मला झाकायची नाही, कारण ती खरी आहे. विल्डांना फुटबॉल कळतो. पंधरा जणी बाहेर असताना, ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांच्या उरलेल्या संघाने अमेरिकेला 2-0 हरवलं. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी पंधरातल्या तिघीच संघात आल्या, बोनमाती, मारिओना काल्देंते आणि ओना बाट्ले. साखळीत जपानने स्पेनला 4-0 असं धुऊन काढलं. त्यानंतर विल्डांनी जे केलं ते करायला धाडस लागतं. त्यांनी गोलकीपरच बदलली. काता कोल ही मुलगी तोवर वरिष्ठ संघातून एकही सामना खेळली नव्हती. तिला त्यांनी थेट बाद फेरीत उतरवलं. स्वित्झर्लंड 5-1, नेदरलँड्स 2-1, स्वीडन 2-1, आणि 20 ऑगस्ट 2023 ला सिडनीत इंग्लंडविरुद्ध ओल्गा कार्मोनाचा 29 व्या मिनिटाचा एकच गोल. विश्वचषक. काता कोलने अंतिम सामन्यात गोल खाल्ला नाही. हा निर्णय कोचचा होता आणि त्याचं माप कोचच्या पदरात घातलंच पाहिजे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पदक देताना महासंघाचे अध्यक्ष लुइस रुबियालेस यांनी जेनी हेर्मोसोचं डोकं धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. पाच दिवसांनी महासंघाच्या सभेत रुबियालेस उभे राहिले आणि "मी राजीनामा देणार नाही" हे वाक्य त्यांनी पाच वेळा म्हटलं. त्याच भाषणात त्यांनी विल्डांना चार वर्षांचा करार आणि वर्षाला पाच लाख युरो देऊ केले. समोरच्या खुर्च्यांत बसून विल्डा टाळ्या वाजवत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रशिक्षण चमूतल्या 11 जणांनी राजीनामे दिले. विल्डांनीही रुबियालेस यांच्या वागण्याचा निषेध करणारं पत्रक काढलं. पण टाळ्या जगाने पाहिल्या होत्या. 5 सप्टेंबरला त्यांची हकालपट्टी झाली आणि त्यांच्याच सहायक मोंत्से तोमे यांच्याकडे संघ गेला.

त्या सभागृहात टाळ्या वाजवणारा आणखी एक कोच होता, पुरुष संघाचे लुइस दे ला फुएन्ते. आठवड्याभराने ते पत्रकारांसमोर बसले आणि म्हणाले की माझ्या हातून अक्षम्य चूक झाली, मी माफी मागतो. त्यांची नोकरी टिकली. पुढच्या जुलैत बर्लिनमध्ये त्यांनी युरो चषक जिंकला. कुणी म्हणेल एकाच चुकीला दोन न्याय. मला तसं वाटत नाही. दे ला फुएन्ते यांच्याविरुद्ध त्यांच्या खेळाडूंचे पंधरा ईमेल पडून नव्हते. विल्डांना त्या दिवशीच्या टाळ्यांनी बुडवलं नाही. त्या टाळ्यांनी फक्त हे दाखवलं की वर्षभर मुली जे सांगत होत्या, ते त्यांच्या कानांपर्यंत पोहोचलंच नव्हतं.

हकालपट्टीला जेमतेम पाच आठवडे होतात न होतात तोच, ऑक्टोबर 2023 मध्ये मोरोक्कोने विल्डांना आपल्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. मोरोक्कोच्या मुलींनी त्याच वर्षी पहिल्यावहिल्या विश्वचषकात बाद फेरी गाठलेली. त्यांना मोठं नाव हवं होतं, विश्वविजेता कोच मोकळा होता. पण मोकळा कोच आणि योग्य कोच यांत फरक आहे. तेव्हा स्पेनमध्ये त्या चुंबनाच्या प्रकरणाची चौकशी चालू होती. पंधरा ईमेलमधल्या एकाही मुद्द्याचं जाहीर उत्तर मी कुठे वाचलेलं नव्हतं. विल्डांचं म्हणणं होतं की आपल्यावर अन्याय झाला. त्या क्षणी त्यांना संघ देणं चूक होतं असं माझं ठाम मत आहे, आणि पुढे काय झालं यावर ते अवलंबून नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. पॅरिस ऑलिंपिकची संधी मोरोक्कोच्या हातून झांबियाविरुद्ध निसटली. जुलै 2025 मध्ये रबातला, आपल्याच घरच्या मैदानात आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात मोरोक्को नायजेरियाविरुद्ध दोन गोलनी पुढे होता, आणि 3-2 ने हरला. हे आकडे बघून कुणी "बघा, जमलं नाही" म्हणेल, कुणी "अंतिम फेरीपर्यंत नेलं की" म्हणेल. दोघंही तीच चूक करतायत. कोचला दुसरी संधी द्यावी की नाही हे गोलफलकाला विचारायचं नसतं, कारण गोलफलकाला खोलीचं दार दिसत नाही.

मग न्यायालयाला विचारावं का? तिथलं उत्तरही आहे. रुबियालेस यांच्या बाजूने बोलावं म्हणून विल्डांनी हेर्मोसोवर तिच्या भावामार्फत दबाव आणला, असा आरोप होता. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने रुबियालेस यांना लैंगिक अत्याचारासाठी 10,800 युरो दंड केला आणि दबावाच्या आरोपातून विल्डांना निर्दोष सोडलं. ते मी पूर्णपणे मानते. जो माणूस निर्दोष ठरला त्याच्या मागे तो आरोप घेऊन फिरणं हा अन्याय आहे, आणि विल्डांबद्दल बोलताना अनेक जण तो अन्याय करतात. पण न्यायालयाने ठरवलं ते इतकंच, की गुन्हा सिद्ध झाला नाही. वीस-पंचवीस मुलींना महिना महिना एका माणसाच्या शब्दावर झोपायचं, उठायचं, खायचं, धावायचं असतं. तो माणूस त्यांच्यासाठी बरा आहे का, हे न्यायाधीश सांगू शकत नाहीत. ते मुलीच सांगू शकतात.

म्हणून आज विल्डांना पुढची नोकरी द्यावी का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, द्यायला हरकत नाही, पण मुलाखतीत पहिला प्रश्न काता कोलचा किंवा सिडनीचा नको. पहिला प्रश्न असा हवा: त्या पंधरा ईमेलमधली कुठली तक्रार खरी होती? एक तरी सांगा, आणि आता तुम्ही काय वेगळं कराल ते सांगा. "एकही खरी नव्हती" असं उत्तर आलं तर त्यांच्या नावावर विश्वचषक असला तरी मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची देऊ नये. सहायक म्हणून घ्या, डावपेच आखायला बसवा, त्यांचं डोकं वापरा. पण मुलींवरची शेवटची सत्ता त्यांच्या हाती नको. आणि नेमणूक कुणाचीही असो, खेळाडूंनी तक्रार करायची झाली तर ती कोचच्या वरिष्ठाकडे जावी, कोचच्या टेबलावरून नव्हे.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 30 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी मी आमच्या तीन मुलींना घेऊन गेले होते. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध कोलंबिया. 82 व्या मिनिटाला कोलंबियाकडूनच स्वयंगोल झाला आणि स्पेन 1-0 ने जिंकला. स्पेनच्या त्या पोरी गळ्यात गळे घालून रडत होत्या. आमची एक मुलगी, लेफ्ट बॅकला खेळायची, मला म्हणाली, "मॅडम, यांच्या ताया आता संघात नाहीत ना? त्यांनी पत्र लिहिलं म्हणून?" तिला पंधरा जणींची गोष्ट माहीत होती. मोबाईलवर वाचली होती तिने. मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. नवी मुंबईहून परतताना रात्रभर गाडीत ती खिडकीला डोकं टेकून जागी होती, आणि मला कळत होतं ती कशाचा विचार करतेय ते. कारण आमच्या त्या कागदावर तिची सही पहिली होती.

त्या कागदात काय होतं? कुणाला दुखापत झाली तरी सर ऐकून घेत नाहीत, "नाटकं बंद कर" म्हणतात. पाळीच्या दिवसांत सराव चुकला तर सगळ्यांसमोर कारण विचारतात. वजनावरून नावं ठेवतात. गुन्हा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. शेवटची ओळ होती, "आम्हाला खेळायचं आहे, फक्त असं नको." तो कागद त्यांनी मला दिला तेव्हा उपान्त्य सामना दोन दिवसांवर होता. मी म्हटलं, "आधी स्पर्धा होऊ दे, मग बघू." आम्ही स्पर्धा जिंकलो. फोटो निघाले, हार पडले, सरांचा सत्कार झाला. त्यानंतर तो कागद दाखवायला मला तोंड उरलं नाही. त्या सातातल्या चौघींनी पुढच्या हंगामात खेळणं सोडलं. जिंकलेल्या करंडकाने मुलींचं तोंड कसं बंद होतं, हे मला स्पेनकडून शिकायची गरज नव्हती. मी स्वतः ते केलं होतं.

तर आठव्या दिवशी मी सचिवांना फोन केला. म्हटलं, सरांबद्दल माझं मत मी देते, पण एकटी नाही. रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे. सरांनाही बोलावलंय. तो कागद मी माझ्या कपाटातून काढून ठेवलाय. घड्यांवर तो फाटायला आलाय, म्हणून प्लॅस्टिकच्या फाइलीत घातला. बैठकीत तो सरांसमोर वाचायचा आणि यातलं काय खरं होतं ते त्यांना विचारायचं, एवढंच मी मागितलंय. सचिव जरा थांबले, मग हो म्हणाले.

सह्या करणाऱ्या सातही मुलींना मी फोन केले. एकीचं लग्न होऊन ती सांगलीला असते, ती बाळाला घेऊन येणार आहे. तिघी येतो म्हणाल्या. दोघींनी विचार करून सांगते म्हटलंय. आणि ती लेफ्ट बॅक, तिने मला विचारलं, "मॅडम, या वेळी वाचणार ना नक्की?"

मी हो म्हटलंय. नमस्कार.