इंग्रजी शब्द शोधताय? आधी 'च' कुठे आहे ते बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "अमुक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे?" कुणाला ए, आर, टी हवंय, कुणाला दोन ई आणि एक एल. अक्षरं बदलतात, प्रश्न तोच. म्हणून आज बसूनच बोलू.

सोपा भाग पटकन उरकतो. शब्दांची यादी घ्यायची, साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक शब्द. अशा याद्या फुकट मिळतात. त्यात शोधायचं. झालं.

आता खरी अडचण. तुम्ही विचारता तो एक प्रश्न नाही, ते तीन प्रश्न आहेत. ए, आर, टी घेऊ. पहिला प्रश्न: ही तिन्ही सलग आणि याच क्रमानं हवीत का? मग हार्ट, पार्टी, कार्टून. दुसरा: तिन्ही असावीत, पण कुठेही, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील? मग वॉटर, नेचर, आणि रुळांवरची ट्रेन. तिसरा: या तिघांचाच शब्द हवा? मग आर्ट, रॅट, टार. संपली यादी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात फरक एका 'च'चा. 'या अक्षरांचा शब्द' आणि 'याच अक्षरांचा शब्द'. हे मला माझ्या भाचीनं शिकवलं. आम्ही अक्षरांचे ठोकळे घेऊन खेळत होतो. मी म्हटलं, "ए, आर, टी असलेला शब्द लाव." तिनं पिशवीतून आणखी दोन ठोकळे काढले आणि ट्रेन लावला. मी म्हटलं, "अगं, बाकीची अक्षरं घ्यायची नव्हती." ती म्हणाली, "मामा, तू 'असलेला' म्हणालास. 'याच अक्षरांचा' असं कुठे म्हणालास?" तिचं बरोबर होतं. तेव्हापासून कुणी असा प्रश्न विचारला की मी आधी 'च' शोधतो.

खेळ बघा, म्हणजे हे पक्कं बसेल. वर्डल या ऑनलाइन खेळात ५ अक्षरी शब्द ओळखायचा, ६ संधी. अक्षर पिवळं झालं म्हणजे ते शब्दात आहे, पण त्या जागी नाही. इथे 'च' नाही, कारण उरलेली अक्षरं तुम्हाला माहीतच नाहीत. स्क्रॅबलमध्ये तुमच्यापुढे ७ ठोकळे असतात आणि पटावर आधी लागलेली अक्षरं. बाहेरचं एकही अक्षर आणता येत नाही. इथे 'च' आहे. एका ताईंनी कळकळीनं लिहिलंय की वर्डलसाठी जोड्या लावून लावून वही भरली, शब्द काही सापडला नाही. ताई, तुम्ही मिळालेल्या तीनच अक्षरांच्या जोड्या लावत होतात. मेहनतीत काही कमी नव्हतं, प्रश्न दुसरा सोडवला गेला.

हीच गोष्ट संगणकावर. यादी उघडून शोधपट्टीत ए-आर-टी टाइप केलं की संगणक पहिलाच प्रश्न सोडवतो, सलग अक्षरांचा. वॉटर दिसत नाही, आणि मग मला मेसेज येतो, "दादा, यादी अपुरी आहे." यादी पुरेशी आहे हो! तुम्हाला चाळण्या लावायला हव्यात, एका अक्षराला एक. आधी ए असलेले शब्द ठेवा. त्यातून आर असलेले. त्यातून टी असलेले. युनिक्स या संगणक प्रणालीत यासाठी ग्रेप नावाची आज्ञा आहे, केन थॉम्प्सन यांनी लिहिलेली, १९७३ पासूनची, आणि मी अजूनही तीच वापरतो. एक्सेलमध्ये शब्दांचा रकाना शेजारी शेजारी तीनदा ठेवून प्रत्येकाला एकेक फिल्टर लावलात तरी तेच. आणि 'च' हवा असेल तर शेवटी एक उलटी चाळण: या तिघांखेरीज दुसरं कुठलंही अक्षर असलेला शब्द फेकून द्या.

तरीही टार्ट शिल्लक राहतो. टी, ए, आर, टी. अक्षरं तीच, पण टी दोनदा. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या शब्द बनवायच्या खेळात अक्षर कितीही वेळा वापरता येतं, तिथे टार्टसारखी पुनरुक्ती चालते. स्क्रॅबलमध्ये टीचा ठोकळा एकच असेल तर नाही चालत. म्हणून अक्षर आहे की नाही एवढंच बघू नका, किती वेळा आहे ते मोजा. दोन ई आणि एक एल विचारणाऱ्यांना स्लीप आणि स्टील हवेत, लेमन नकोय. आणि वर्डलमध्ये तुम्ही ई दोनदा टाकलात, एक पिवळा आणि एक करडा आला, तर "ई नाही" असं समजू नका. ई आहे, एकदाच आहे.

एकानं पाचही स्वर असलेला शब्द मागितलाय. एज्युकेशन घ्या. सिक्वोया तर ७ अक्षरांत पाचही स्वर बसवतो. फॅसिशसमध्ये ते ए, ई, आय, ओ, यू अशा क्रमानंच येतात. आणि रिदमच्या स्पेलिंगमध्ये पाचांपैकी एकही नाही! असले शब्द भेटले की माझा अख्खा दिवस छान जातो, म्हणून सांगितलं.

आता 'च'वाल्यांसाठी माझी सगळ्यात आवडती युक्ती. ७ वेगवेगळी अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात, तेवढ्या मांडण्या करत बसू नका. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावा आणि शब्दाशेजारी लिहून ठेवा. लिसनची होतात ई, आय, एल, एन, एस, टी. सायलेंटचीही तीच. एनलिस्टचीही, टिन्सेलचीही. तुमच्या अक्षरांनाही तसंच लावा आणि जुळवा. मोजणीही आपोआप होते, कारण दोन टी असतील तर दोन टी शेजारी येऊन बसतात. हातानं करत असाल तर अक्षरं कागदावर गोलात लिहा आणि आधी आयएनजी, ईआर, ईडी अशी शेपटं काढून बघा.

करून बघायला ही ७ घ्या: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. 'च' काढलात तर ट्रान्समीटरसुद्धा चालेल. 'च' लावून मला रिटेन्स आणि रेटिनाज मिळाले, भाचीनं नॅस्टियर काढला. चौथा तुम्ही कमेंटमध्ये लिहा.